निळ्या पुस्तकातलं ‘टू’: ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ मराठी माणसाला कुठवर पुरतं?

रेमंड मर्फी यांचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ केम्ब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने १९८५ साली पहिल्यांदा काढलं. २०१९ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती आली. निळ्या कव्हरचं हे जाडजूड पुस्तक इंग्रजीच्या बहुतेक क्लासेसमध्ये कोणाच्या ना कोणाच्या पिशवीत असतंच. १४५ पाठ, आणि प्रत्येक पाठ समोरासमोरच्या दोन पानांचा: डावीकडे नियम आणि उदाहरणं, उजवीकडे स्वाध्याय. या परीक्षणात अख्खं पुस्तक घेतलेलं नाही. एकाच कामासाठी ते तपासलं आहे. ‘करावं लागतं’ आणि ‘करण्यासाठी’ या दोन गोष्टी इंग्रजीत ‘टू’ लावून कशा सांगायच्या, हे मराठी वाचकाला या पुस्तकातून नीट शिकता येतं का?

मत आधीच सांगतो. सक्तीचा भाग उत्तम आहे, इतक्या कमी जागेत इतका स्वच्छ क्वचितच सापडेल. हेतूचा भाग चांगला आहे, पण घाईत उरकलेला. ऑफिसची परिपत्रकं आणि औषधांच्या पाकिटांवर भेटणाऱ्या ‘इज टू’, ‘आर टू’ला स्वतंत्र पाठ नाही. शिवाय पुस्तक छापलं आहे त्याच क्रमाने वाचत गेलात, तर मराठी डोक्यातला मूळ गुंता सुटत नाही.

त्याचं कारण मांडणीत आहे. सक्ती ३१ आणि ३२ या पाठांत येते: ‘हॅव टू’, ‘मस्ट’, ‘मस्न्ट’, ‘नीडन्ट’. हेतू येतो थेट ६४व्या पाठात: ‘टू’, ‘फॉर’ आणि ‘सो दॅट’. मध्ये तीसेक पाठांचं अंतर. ‘सपोज्ड टू’ ४५व्या पाठात, कर्मणी प्रयोगाच्या शेजारी बसवलेलं. इंग्रजी व्याकरणाच्या हिशेबाने हे बरोबरच आहे, कारण ‘मस्ट’ मोडलच्या (‘कॅन’, ‘शुड’सारख्या साहाय्यक क्रियापदांच्या) घरातलं आणि ‘टू बाय’ इन्फिनिटिव्हच्या (‘टू’ अधिक क्रियापदाचं मूळ रूप). पण मराठीत ‘मला भाजी आणायला जायचंय’ या एका वाक्यात ‘आणायला’ हा हेतू आणि ‘जायचंय’ ही सक्ती किंवा इच्छा शेजारी-शेजारी बसलेली असतात. बोलणाऱ्याला ती दोन्ही एकाच दमात हवी असतात. पुस्तक ती वेगवेगळ्या आठवड्यांत देतं.

म्हणून क्रम बदला. आधी ५४ आणि ५५, म्हणजे कोणत्या क्रियापदानंतर ‘टू’ येतो आणि कोणत्या क्रियापदानंतर मध्ये माणूस घालून ‘टू’ येतो. मग ६४. त्यानंतर मागे वळून ३१, ३२ आणि ४५. शेवटी ६० आणि ६१, जिथे दिसायला तोच असलेला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नसतो. आठ पाठ म्हणजे सोळा पानं. रोज एक पाठ केला तर आठ दिवसांचं काम.

आता ३१वा पाठ जवळून पाहू, कारण पुस्तकाचं खरं बळ इथे दिसतं. ‘हॅव टू’ हे साध्या क्रियापदासारखं वागतं, त्याला प्रश्नात आणि नकारात ‘डू, डज, डिड’ लागतं, हे लेखक आधी दाखवतात. आपल्याकडची निम्मी चुकीची वाक्यं इथेच दुरुस्त होतात. ‘हॅव यू टू गो?’ हे व्याकरणात अगदी मेलेलं नाही, पण आज कोणी बोलत नाही. ‘डू यू हॅव टू गो?’ हवं. ‘शी हॅज टू गोज’ असं लिहिणारे पुष्कळ आहेत, कारण तिसऱ्या पुरुषाचा ‘एस’ शाळेत इतका घोटून घेतलेला असतो की तो मिळेल तिथे चिकटतो. ‘हॅज’मध्ये तो एकदा येऊन गेला, ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूपच. तसंच ‘डज शी हॅज टू’ नाही, ‘डज शी हॅव टू’. ‘डज’ने ‘एस’ घेतला की ‘हॅज’कडे तो उरत नाही.

‘मस्ट’ला भूतकाळ नाही, तिथे ‘हॅड टू’ वापरायचं, हा नियम पुस्तकात एका ओळीचा आहे. आपल्याकडे मात्र तो पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहावा असा. ‘काल मला बँकेत जावं लागलं’ हे सांगताना पुष्कळजण ‘मस्ट’चा भूतकाळ म्हणून ‘आय मस्ट हॅव गॉन टू द बँक’ लिहितात. त्याचा अर्थ होतो ‘मी बँकेत गेलो असणार’, म्हणजे स्वतःविषयीच अंदाज. अर्जात असं वाक्य गेलं तर वाचणारा बुचकळ्यात पडतो. बरोबर वाक्य: ‘आय हॅड टू गो टू द बँक यस्टरडे.’ अंदाजाचा ‘मस्ट हॅव’ २८व्या पाठात आहे. शक्य असेल तर ३१ आणि २८ एकाच बैठकीत वाचा, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळणार नाहीत.

‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’मधला फरक पुस्तक असा सांगतं: बोलणाऱ्याला स्वतःला वाटतं ते ‘मस्ट’, बाहेरच्या नियमाने किंवा परिस्थितीने आलं ते ‘हॅव टू’. हे खरं आहे, पण विद्यार्थी याच बारकाव्यावर नको तितका वेळ घालवतात. बोलताना शंका आली तर ‘हॅव टू’ घ्या, जवळजवळ कुठेच चुकणार नाही. ‘मस्ट’ खरा शोभतो तो लेखी नियमांत, सूचनाफलकांवर आणि ‘तुम्ही एकदा घरी यायलाच हवं’ अशा आग्रहात: ‘यू मस्ट कम ओव्हर सम टाइम.’ सहकाऱ्याला ‘यू मस्ट सेंड द फाइल’ म्हटलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ‘कुड यू सेंड’ किंवा ‘वी हॅव टू सेंड इट बाय फाइव्ह’ जास्त माणसातलं.

हा पाठ ज्यासाठी विकत घ्यावा, तो भाग नकाराचा. ‘मस्न्ट’ म्हणजे करायचं नाही, मनाई. ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे करायची गरज नाही, करायचं असेल तर करा. पुस्तक हे दोन वाक्यांच्या जोडीने दाखवतं आणि पुढे जातं. मराठी वाचकाने इथे थांबावं. मराठीत ‘जाऊ नकोस’ आणि ‘जायला नको’ यांत आपण कधीच गोंधळत नाही, एक मनाई आहे आणि दुसरं म्हणजे गरज नाही. ‘भरावे लागत नाहीत’ हेही स्वच्छ ‘डोन्ट हॅव टू’. तरीही इंग्रजीत शिरताना ‘मस्ट’ची सवय आडवी येते आणि ‘ज्येष्ठ नागरिकांना शुल्क भरावं लागत नाही’चं ‘सीनियर सिटिझन्स मस्ट नॉट पे द फी’ होतं. म्हणजे ज्येष्ठांनी पैसे भरले तर तो गुन्हा! सोसायटीच्या नोटिशीत किंवा संस्थेच्या माहितीपत्रकात ही चूक दिसली तर नवल वाटायला नको. ‘डोन्ट हॅव टू पे’ किंवा ‘नीड नॉट पे’ हवं.

३२व्या पाठात ‘नीडन्ट’ची दोन भूतकाळी रूपं आहेत आणि मराठी माणसाला त्यांच्यासाठी वेगळा कप्पा करावा लागतो. ‘छत्री आणायची गरज नव्हती’ याचे मराठीत दोन अर्थ होतात: आणली पण उगाच आणली, किंवा गरज नव्हती म्हणून आणलीच नाही. पहिल्यासाठी इंग्रजीत ‘यू नीडन्ट हॅव ब्रॉट द अम्ब्रेला’. दुसऱ्यासाठी ‘आय डिडन्ट नीड टू ब्रिंग द अम्ब्रेला’. दुसरं वाक्य पहिल्या अर्थानेही चालतं, पण पहिलं दुसऱ्या अर्थाने मुळीच चालत नाही. अमेरिकन बोलण्यात ‘नीडन्ट’ फारसं ऐकू येत नाही, तिकडे ‘डिडन्ट हॅव टू’ किंवा ‘डिडन्ट नीड टू’च. पुस्तक ब्रिटिश आहे आणि ते पानोपानी जाणवतं. ‘आय हॅव गॉट टू गो’लाही जागा आहे, ती ३१व्या पाठात. ते फक्त वर्तमानाचं आणि बोलण्यातलं. औपचारिक पत्रात ‘हॅव टू’ लिहा.

या सगळ्याचा कळीचा प्रश्न पुस्तक विचारतच नाही. विचारणारही नाही, कारण ते जगभरच्या वाचकांसाठी आहे. प्रश्न असा: ‘मला काल पुण्याला जायचं होतं.’ हे इंग्रजीत कसं सांगाल? उत्तरं तीन, आणि प्रत्येकातून ऐकणाऱ्याला वेगळी बातमी कळते. ‘आय वॉन्टेड टू गो टू पुणे यस्टरडे’ म्हणजे माझी इच्छा होती. ‘आय हॅड टू गो टू पुणे यस्टरडे’ म्हणजे जाणं भाग होतं, आणि इंग्रजी ऐकणारा सहसा असंच धरतो की तुम्ही गेलात. ‘आय वॉज सपोज्ड टू गो टू पुणे यस्टरडे’ म्हणजे ठरलं होतं, अपेक्षा होती, पण बहुधा गेला नाहीत. मराठीतल्या ‘जायचं होतं’मध्ये गेलो की नाही हे मोकळं राहतं, पुढच्या वाक्यात कळतं. इंग्रजीत ‘हॅड टू’ म्हटल्यावर तुम्ही गेला असंच समोरचा धरून चालतो. म्हणून साहेबाला ‘आय हॅड टू सेंड द रिपोर्ट यस्टरडे’ असं लिहून पाठवलं तर ते म्हणतील, ठीक आहे, पाठवला ना. तुम्हाला म्हणायचं असतं ‘पाठवायचा होता, पण राहिला.’ तिथे ‘आय वॉज सपोज्ड टू सेंड इट यस्टरडे, बट आय कुडन्ट.’

वर्तमानातही तेच. ‘मला उद्या डॉक्टरकडे जायचंय’मध्ये इच्छा, गरज आणि ठरलेली वेळ, तिन्ही येतात. वेळ ठरलेली असेल तर ‘आय हॅव टू गो’ किंवा ‘आय ॲम गोइंग टू द डॉक्टर टुमॉरो’. ‘आय वॉन्ट टू गो टू द डॉक्टर’ म्हटलं तर समोरचा विचारेल, का, काय होतंय? ४५वा पाठ ‘सपोज्ड टू’ची दोन कामं सांगतो, लोक म्हणतात ते आणि अपेक्षित असतं ते, आणि ‘नॉट सपोज्ड टू’ म्हणजे करायला परवानगी नाही हेही सांगतो. पण याची जागा सक्तीच्या घरात होती. म्हणून वरच्या क्रमात तो ३२च्या लगेच पाठोपाठ घेतला आहे. आणखी एक, लिहिताना ‘सपोज टू’ होऊ देऊ नका. बोलताना शेवटचा ‘ड’ ‘टू’मध्ये विरघळतो, त्यामुळे कानाला ‘सपोस्टा’ ऐकू येतं आणि हात ‘डी’ लिहायचा विसरतो.

उच्चाराचा मुद्दा निघालाच आहे तर हेही सांगतो. ‘हॅव टू’ प्रत्यक्षात ‘हॅफ्टा’ ऐकू येतं, ‘हॅज टू’ ‘हॅस्टा’, ‘गॉट टू’ ‘गॉटा’. छापील पानातून हे कळत नाही. इंटरॲक्टिव्ह ई-बुकसह मिळणाऱ्या आवृत्तीत ध्वनी आहे. ज्यांना परदेशात नोकरी करायची आहे, मग ती नर्सिंगची असो वा हॉटेलची, त्यांनी ती घ्यावी. ‘हॅफ्टा’ ओळखता आला नाही तर वरिष्ठाचं निम्मं सांगणं कानावरून जातं.

आता ६४वा पाठ. त्यातला पहिला नियम सोपा आणि मोलाचा आहे: माणूस काही करतो ते कशासाठी, हे ‘टू’ अधिक क्रियापद लावून सांगायचं. आपल्याकडे इथे जी चूक होते तिचा उगम ‘-साठी’मध्ये आहे. ‘भाजी घेण्यासाठी मार्केटला गेलो’मधल्या ‘साठी’चं ‘फॉर’ होतं आणि ‘घेणं’चं ‘बायिंग’, म्हणून ‘आय वेंट टू द मार्केट फॉर बायिंग व्हेजिटेबल्स’. हवं आहे ‘टू बाय व्हेजिटेबल्स’. गंमत म्हणजे मराठीत ‘भाजी घ्यायला गेलो’ म्हणून पाहिलं तर ही चूक होत नाही, ‘-यला’चं ‘टू’ सहज होतं. म्हणून साधा उपाय: इंग्रजी वाक्य करण्याआधी मनातल्या ‘-ण्यासाठी’चं ‘-यला’ करून घ्या.

‘फॉर’ कुठे? त्याच्यापुढे नाम असेल तर. ‘आय वेंट आउट फॉर मिल्क.’ आणि एखादी वस्तू कशाची, तिचं काम काय हे सांगताना ‘फॉर’ अधिक ‘-इंग’. ‘धिस नाइफ इज फॉर कटिंग फ्रूट.’ पुस्तक हा फरक देतं आणि तो बरोबर आहे. पण इथेच गोंधळ वाढतो. विद्यार्थ्याला कळतं की ‘फॉर कटिंग’ चालतं, आणि तो परत ‘फॉर बायिंग’कडे वळतो. कसोटी अशी लावा: कर्ता वस्तू आहे आणि आपण तिची ओळख करून देतोय, तर ‘फॉर’. कर्ता माणूस आहे आणि तो उठून काहीतरी करतोय, तर ‘टू’. ‘फॉर टू’ एकत्र कधीच नाही.

‘का?’ला उत्तर देताना आपल्याकडे आणखी एक घसरण होते. ‘व्हाय डिड यू गो टू द बँक?’ याला ‘बिकॉज टू पे द बिल’. ‘बिकॉज’नंतर कर्ता आणि क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य लागतं. हेतू सांगायचा तर ‘टू पे द बिल’ एवढंच पुरे. ‘बिकॉज’ हवाच असेल तर ‘बिकॉज आय हॅड टू पे द बिल’. आणि बघा, दुसऱ्या वाक्यात हेतू सक्तीच्या रूपात आला. रोजच्या बोलण्यात ही दोन्ही घरं एकमेकांना किती लागून आहेत, ते इथे दिसतं.

नकारी हेतूवर ६४व्या पाठाचा वेग खटकतो. ‘लोकल चुकू नये म्हणून लवकर निघालो’ याचं आपल्या तोंडून ‘आय लेफ्ट अर्ली नॉट टू मिस द लोकल’ असं येतं. इंग्रजीत असा एकटा ‘नॉट टू’ हेतू सांगायला चालत नाही. ‘सो ॲज नॉट टू मिस’, ‘इन ऑर्डर नॉट टू मिस’, किंवा बोलण्यात सर्वांत नैसर्गिक, ‘सो दॅट आय वुडन्ट मिस द लोकल’. पुस्तक ‘सो दॅट’कडे नेतं, ते योग्यच. काही क्रियापदांनंतर आणि विशेषणांनंतर मात्र ‘नॉट टू’ बिनधास्त चालतो: ‘बी केअरफुल नॉट टू टच इट’, ‘आय डिसाइडेड नॉट टू गो’, ‘शी टोल्ड मी नॉट टू वेट’. इथे ‘नॉट टू’ हेतू सांगत नाही, आधीच्या शब्दाला पूर्ण करतो. हा फरक पाठात ठळकपणे समोर येत नाही, म्हणून स्वाध्याय करताना समासात लिहून ठेवा.

कर्ता बदलला की ‘सो दॅट’. ‘मुलांना खेळता यावं म्हणून आम्ही गाडी बाहेर लावली’मध्ये लावणारे आम्ही, खेळणारी मुलं. ‘वी पार्क्ड आउटसाइड सो दॅट द चिल्ड्रन कुड प्ले.’ लावली हा भूतकाळ, म्हणून ‘कुड’. रोज लावतो म्हटलं तर ‘सो दॅट दे कॅन प्ले’. दुसरी वाट ‘फॉर द चिल्ड्रन टू प्ले’. तीही बरोबर, पण तिच्यात ‘फॉर’नंतर माणूस आणि मग ‘टू’ येतो, ‘फॉर प्लेइंग’ नाही.

मागे राहून जाणारं शब्दयोगी अव्यय ही खास आपली अडचण. ‘बसायला खुर्ची’, ‘लिहायला पेन’, ‘राहायला जागा’. मराठीत खुर्ची‘वर’ आणि पेना‘ने’ हे सांगावंच लागत नाही. इंग्रजीत सांगावं लागतं: ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘अ पेन टू राइट विथ’, ‘अ हाउस टू लिव्ह इन’. ‘प्लेस’, ‘टाइम’ आणि ‘मनी’ हे सवलतीतले शब्द, ‘अ प्लेस टू स्टे’ला ‘इन’ लागत नाही. कसोटी: वाक्य सरळ करून पाहा. ‘सिट ऑन अ चेअर’मध्ये ‘ऑन’ आहे ना, मग उलट केल्यावरही तो शेपटीला राहणार. दोन पानांच्या चौकटीत याला जेवढी जागा मिळते ती आपल्याला अपुरी आहे. वहीत दहा वस्तू लिहा आणि प्रत्येकीपुढे तिचं अव्यय.

५५व्या पाठात ‘मेक’ आणि ‘लेट’ आहेत. त्यांच्यानंतर ‘टू’ येत नाही: ‘दे मेड मी वेट.’ ‘मला थांबायला लावलं’मधल्या ‘थांबायला’मुळे ‘मेड मी टू वेट’ होतं. कर्मणीत मात्र तो ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू वेट.’ हे विचित्र आहे, पण आहे.

आणि ६०, ६१. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ अव्यय आहे, म्हणून ‘हिअरिंग’. आपल्या ऑफिसांतून रोज सुटणाऱ्या ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ला हा एक पाठ औषध आहे. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे सवय आहे, ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी उठायचो. ६१वा पाठ हे इतकं नेमकं मांडतो की त्यावर वेगळं सांगायची गरजच नाही.

उणीव ‘इज टू’ची. ‘ऑल कँडिडेट्स आर टू रिपोर्ट बाय ९ ए.एम.’, ‘धिस फॉर्म इज टू बी फिल्ड इन बाय द ॲप्लिकंट’, ‘टू बी टेकन आफ्टर फूड’. सरकारी पत्र, बँकेचा फॉर्म, परीक्षेचं हॉल तिकीट, औषधाची बाटली, सगळीकडे हेच. ही सक्तीच, पण वरून आलेली, चर्चेला जागा नसलेली. आणि नकारात ती मनाई होते: ‘मोबाइल्स आर नॉट टू बी कॅरीड इनसाइड’ म्हणजे न्यायची गरज नाही असं नव्हे, न्यायचेच नाहीत. आपल्याकडे लिहिणारे ‘टू बी फिल’, ‘टू बी सबमिट’ असं अर्धवट सोडतात. ‘बी’नंतर क्रियापदाचं तिसरं रूपच हवं: ‘फिल्ड’, ‘सबमिटेड’. भूतकाळात ‘ही वॉज टू कम’ म्हणजे यायचा ठरला होता. आलाच नाही हे ठासून सांगायचं तर ‘वॉज टू हॅव कम’. निळ्या पुस्तकात या रूपाचा स्वतंत्र पाठ नाही. मायकेल स्वान यांच्या ऑक्सफर्डच्या ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’मध्ये आहे. पण ते संदर्भाचं पुस्तक, ओळीने अभ्यास करण्याचं नाही. ग्रंथालयात बसून त्यातली तेवढी नोंद उतरवून घेतली तरी पुरे.

स्वाध्यायांचा दर्जा चांगला, पण एक खोट आहे. पाठाच्या वरच ‘हॅव टू आणि मस्ट’ असं लिहिलेलं असतं, आणि खालच्या सगळ्या रिकाम्या जागांत तेच दोन शब्द बसतात. पोरं न वाचताच भरतात आणि सगळं बरोबर येतं. खरी परीक्षा मागच्या जादा स्वाध्यायांत होते, तिथे अनेक पाठांचे प्रश्न मिसळून येतात. म्हणून उजवं पान केल्यावर दोन दिवस जाऊ द्या, मग मागचे स्वाध्याय करा. सुरुवात मात्र पुस्तकाच्या शेवटच्या ‘स्टडी गाइड’ने करावी: त्यातली वाक्यं सोडवा, जिथे अडला त्या समोर कोणता पाठ पाहायचा तो आकडा दिलेला असतो. एका पाठाला साधारण चाळीस मिनिटं धरा. डावं पान दहा मिनिटं, मग ते झाकून उजवं पान वहीत (पुस्तकात लिहू नका, पुन्हा करायचं आहे), उत्तरं तपासा, आणि शेवटी त्या दिवसाच्या स्वतःच्या कामांची सहा वाक्यं: तीन ‘हॅव टू’ची, तीन ‘टू’ने हेतू सांगणारी. ही सहा वाक्यं तपासून देणारं कोणी असेल तर पुस्तकाचा उपयोग दुप्पट. पुस्तकाची उत्तरं फक्त पुस्तकातल्या वाक्यांची आहेत.

घरात रेन अँड मार्टिनचं व्याकरणाचं पुस्तक असेल तर ते टाकून देऊ नका. त्यात इन्फिनिटिव्हचे प्रकार पाडलेले आहेत, नामासारखा येणारा आणि विशेषण-क्रियाविशेषणासारखा येणारा. ‘अधोरेखित इन्फिनिटिव्हचं कार्य सांगा’ अशा स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नाला तेच लागतं, मर्फींच्या पुस्तकात हे वर्गीकरण जवळजवळ नाही. पण रेन अँड मार्टिनने ओळख शिकवली, बोलायला शिकवलं नाही. बारावीच्या बोर्डाचे ‘टू (too)...टू (to)’चं ‘सो...दॅट’ करा, सक्ती दाखवणारं मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहा, या छापाचे प्रश्नही निळ्या पुस्तकात त्या रूपात येत नाहीत. फक्त बोर्डाचे गुण हवे असतील तर सरावसंच घ्या, हे पुस्तक नको.

ज्यांना ‘आय ॲम, ही इज’ पक्कं नाही त्यांनीही हे घेऊ नये. त्यांच्यासाठी याच लेखकाचं लाल पुस्तक, ‘इसेन्शियल ग्रामर इन यूज’. निळं पुस्तक मधल्या पातळीचं आहे. नियम इंग्रजीतच आहेत, आणि वाचायला सोपे असले तरी अगदी नवख्याला जड जातात.

विकत घेताना कव्हरवर ‘विथ आन्सर्स’ लिहिलंय का ते आधी पाहा. उत्तरांशिवायचीही आवृत्ती निघते, ती वर्गात शिक्षकांबरोबर वापरायची. एकट्याने अभ्यास करणाऱ्याच्या हाती ती पडली तर पैसे वाया. फुटपाथवरच्या स्वस्त प्रती टाळा. मूळ पुस्तकातले महत्त्वाचे शब्द ठळक असतात, आणि झेरॉक्सवरून झेरॉक्स केलेल्या प्रतीत ते पुसट होऊन ‘टू’ नेमका कुठे आहे तेच दिसत नाही. चौथी आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्या. वर सांगितलेले पाठ तिच्यातही याच क्रमांकांना आहेत. घेण्याआधी मागची उत्तरांची पानं जागेवर आहेत का तेवढं चाळून पाहा.